निर्मनुष्य दरीतील भोजन

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमजवळ, बेन नेव्हिसच्या पायथ्याशी इन्व्हरलॉकी कॅसल उभा आहे. लॉर्ड ॲबिंजर यांनी तो १८६३ मध्ये बांधला, १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरिया तेथे राहून गेली आणि १९६९ मध्ये त्याचे हॉटेल झाले. अशा वास्तूत उतरणाऱ्याला आपण गिऱ्हाईक नसून उमरावाचे पाहुणे आहोत असे वाटावे, हीच सारी योजना असते. दिवाणखान्यातील उबदार फायरप्लेस, जेवणाआधीची व्हिस्की, मग ताटात रानातल्या हरणाचे मांस आणि खिडकीबाहेर निर्मनुष्य दरी. भोजन उत्तम असते, हे आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप ‘निर्मनुष्य’ या विशेषणाकडे निरागसपणे पाहण्याला आहे.

हायलँड्समधील ही शांतता सर्वस्वी निसर्गदत्त नाही. मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील असंख्य कुळांना जमिनीवरून उठवले गेले. पुढे अनेक ठिकाणी शिकारीसाठी हरणांची राने राखली गेली. उत्तरेकडील सदरलंडमध्ये, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात कुळांची घरे जाळली गेली ती १८१४ मध्ये. वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध झाली तीही १८१४ मध्येच. कादंबरीत हायलँडर रम्य होत होता, तेव्हा प्रत्यक्षात तो बेघर होत होता.

म्हणून तेथे जाऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. मात्र हरीण कोणत्या रानातले हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी त्या रानात पूर्वी कोण नांदत होते, हेही सांगावे. संहितेतील मौन वाचायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो; वास्तूतील मौनही तसेच वाचले पाहिजे.