हॉटेलचं मेंबरशिप कार्ड घ्यावं का? आधी हिशोब मांडा!

परवा हॉटेलात बिल देताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, मेंबरशिप घेताय? वर्षाला फक्त ९९९, प्रत्येक बिलावर १५ टक्के सूट."

मी हिशोब केला. माझं बिल साधारण ८०० होतं, म्हणजे सूट १२० रुपये. ९९९ वसूल व्हायला नऊ वेळा यावं लागणार. गेल्या वर्षी मी तिथे गेलो चारदा! विषय संपला. धंदा नवीन असताना हे ९९९ म्हणजे तुमचं खेळतं भांडवल आहे.

कार्ड फुकट असेल तरी तीन गोष्टी विचारा: पॉइंट कधी बाद होतात? शनिवार-रविवारी चालतात का? किमान बिल किती? सूट मिळावी म्हणून एक स्टार्टर जास्त मागवलं, तर बचत तुमची नाही, गल्ला त्यांचा.

आणि उद्या स्वतःचं हॉटेल टाकाल, तेव्हा हाच हिशोब उलट्या बाजूने करा. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक रेस्टॉरंट झोमॅटो गोल्डमधून बाहेर पडली, कारण एकावर एक फुकट डिशचा भार त्यांच्याच खिशावर येत होता. सूट फुकट नसते. कोणीतरी ती भरतंच. तो 'कोणीतरी' आपण तर नाही ना, एवढं बघा!