गाडीच्या पडद्याचा मालक कोण?

गेल्या हंगामांत आमच्या एका शेतकरी स्नेह्यांवर जो प्रसंग गुदरला, तो वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. त्यांच्या तीर्थरूपांनीं घेतलेली मोटार, तीर्थरूपांच्या निधनानंतर त्यांनीं रीतसर आपल्या नांवावर करून घेतली. आर. टी. ओ.कडे वारसाचा ३१ नंबरचा फॉर्म भरला, विम्यावरील नांव बदललें. सातबाऱ्यावरील वारस-नोंदीपेक्षां हें काम लवकर उरकलें, असें ते कौतुकानें सांगत. परंतु चालकापुढें जो कांचेचा पडदा बसविलेला असतो, त्याच्या लेखीं मालक अद्याप तीर्थरूपच आहेत!

एके दिवशीं त्या पडद्यानें पासवर्ड विचारला. तो कोणास ठाऊक नव्हता. विसरलों म्हणून कळवावें, तर ओटीपी जातो तीर्थरूपांच्या मोबाईलवर, आणि तो नंबर रिचार्जअभावीं केव्हांच बंद पडलेला. कंपनीच्या मदत-केंद्रास फोन केला, तेव्हां तेथील बाईंनीं अत्यंत नम्रपणें सांगितलें कीं, नंबर बदलावयाचा असल्यास जुन्या नंबरावर आलेला ओटीपी सांगावा.

यांत हसण्यासारखें पुष्कळ आहे, पण खरी अडचण निराळीच आहे. हें खातें गाडींत नसतें, कंपनीच्या दूरच्या संगणकांत असतें. आर. सी. बुकांत नांव बदललें, तरी त्या संगणकास त्याची वार्ता नसते. आपल्याकडे जुनी जीप विकत घेणारे बरेच. त्यांनीं तर याचा विशेष विचार करावा. अमेरिकेंत एका संगणक-सुरक्षातज्ज्ञानें आपली मोटार विकली. विकण्यापूर्वीं तिची सर्व स्मृति पुसली, किल्ल्या दिल्या. तरी पुढें कित्येक वर्षें ती गाडी कोठें उभी आहे हें त्यास मोबाईलवर दिसे, आणि दारांचें कुलूपहि उघडतां येई. ही हकीकत त्यानेंच 2017 सालीं जाहीर केली. म्हणजे गाडीची स्मृति पुसली, तरी कंपनीच्या वहींतील नांव पुसलें जात नाहीं.

चोरापासून रक्षण व्हावें म्हणून पासवर्ड हवा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मागील बाजू दाखविणारा कॅमेरा, थंड हवेचा पंखा आणि रेडिओ हीं पासवर्डावांचून चाललींच पाहिजेत. त्यांचे पैसे गाडीच्या किंमतींत मोजलेले असतात. आर. सी. बुक आणि मृत्यूचा दाखला पाहून बँक जसें खातें वर्ग करते, तसें कंपनीनें करावें. यांत अशक्य तें काय? 2023 सालच्या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्यांत, आपल्या पश्चात् आपले हक्क कोणीं बजावावे त्याचें नांव नेमून ठेवण्याची तरतूद केलेली आहे. मग गाडी विकतांनाच तो रकाना भरून घेण्यास विक्रेत्याची कोणती हरकत असावी?

तोंवर, जुनी गाडी घेणाऱ्यानें शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं विकणाऱ्यास समोर बसवून त्याचें नांव कंपनीच्या खात्यांतून काढवून घ्यावें. आणि स्वतःचा पासवर्ड आठ-अ चे उतारे ज्या पेटींत असतात तींतच लिहून ठेवावा. आमच्या स्नेह्यांनीं तिसरा अर्ज पाठविला आहे. तूर्त गाडी मागें घेतांना ते मुलास खालीं उतरवून उभें करतात.