नाताळचा निधी आणि कुपनांचे पुस्तक

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांच्या व्हरांड्यांत कागदी तारे लटकू लागतात, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा गोठा उभा राहतो आणि त्याच सुमारास मुलांच्या दप्तरांतून नाताळच्या मेळाव्यासाठी मदतीचे आवाहन घरी येते. कुठे ग्रंथालयाची कपाटे घ्यायची असतात, कुठे स्वच्छतागृहाची दुरुस्ती करायची असते. हेतूबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. विचार करावयास हवा तो पद्धतीचा.

सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत रूढ पद्धत कुपनांच्या पुस्तकाची. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पुस्तक, आणि अधिकाधिक कुपने खपविणाऱ्यास बक्षीस. ज्याच्या वडिलांचे दुकान आहे, त्याचे पुस्तक एका संध्याकाळी संपते. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, अल्पसंख्याक संस्था वगळता, खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत. त्या मुलाच्या आईने कुपने कोणाला विकावीत? ज्या घरी ती धुणीभांडी करते, तिथे? मूल न फाडलेली कुपने घेऊन वर्गात परतते, तेव्हा मोजणी सर्वांसमोर होते. अशा रीतीने जमलेला पैसा माझ्या मते फार महाग पडतो.

शिवाय कुपनांवर सोडत काढून बक्षिसे वाटणे कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक नाही. लॉटरी चालविण्याचा अधिकार आपल्याकडे राज्य शासनांना आहे. खाजगी सोडत गुन्हा ठरू शकते. ब्रिटनमधील शाळांच्या मेळाव्यांत रॅफल सर्रास असते, परंतु तेथील कायद्यात तशी तरतूद आहे.

मग करावे काय? युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ साली निघाले, ते यित्का सामकोवा या चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून. आपल्या शाळांत अशी चित्रे काढणारी मुले काय थोडी आहेत? समजा, मुलांची दहा चित्रे निवडून एक हजार पत्रे छापली. प्रत्येकी आठ रुपये खर्च आला आणि वीस रुपयांस विकली, तर बारा हजार रुपये उरतात. विक्री मात्र मेळाव्यातील एकाच टेबलावर व्हावी, घरोघर फिरून नव्हे. चित्र कोणी काढले हे सर्वांना कळेल, कोणी किती खपविले हे कोणालाच कळणार नाही.

रक्कम लहान ठेवण्याचेही महत्त्व आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १९०७ साली एमिली बिसेल यांनी क्षयरुग्णांच्या छोट्या रुग्णालयासाठी नाताळची तिकिटे एकेका सेंटला विकावयास काढली. गरज तीनशे डॉलरची होती, जमले तीन हजार. आपल्याकडे क्षयरोग संघटनेने १९५० पासून चालविलेली टीबी सीलची मोहीम याच घराण्यातली. आमच्या पिढीतील अनेकांनी ती तिकिटे शाळेत घेतली असतील.

गोवा व वसईकडील पालकांना तर वेगळे सुचवावयास नकोच. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचे एक टेबल मांडले की ते दुपारपर्यंत रिकामे होते. येथे पैशाऐवजी हातांचे श्रम देता येतात, आणि कुपने विकू न शकणारी आई करंज्यांना मुरड घालण्यात कोणाला हार जाणार नाही.

आता आमच्या व्यवसायाविषयी थोडे. क्यूआर कोड शाळेच्या वा विश्वस्त संस्थेच्या खात्याचाच असावा, शिक्षकाच्या वैयक्तिक खात्याचा नव्हे. यात अविश्वास नसून शिक्षकाचेच संरक्षण आहे. रोकड दोघांनी मोजावी आणि शाखेत भरावी. नाण्यांची पिशवी पाहून आमचे रोखपाल थोडे कुरकुरतील, पण नाणी स्वीकारणे बँकेला बंधनकारक आहे. देणगीवरील करसवलतीचे आमिष सरसकट दाखवू नये. ती केवळ मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. रोख देणगी दोन हजारांहून अधिक असल्यास मिळत नाही. आणि विकत घेतलेला केक ही देणगी नव्हे.

सातवी-आठवीच्या मुलांना नफा-तोटा शिकविला जातो, तो सहसा काल्पनिक आंबेवाल्याचा. त्याऐवजी या मेळाव्याचा जमाखर्च त्यांच्याच हातून लिहवून घ्यावा. छपाईचे बिल, उरलेली पत्रे, बँकेची पावती, सारे त्यात यावे. २६ जानेवारीला ध्वजवंदनासाठी पालक शाळेत येतात. तोवर तो सूचनाफलकावर लागलेला असावा, आणि शेजारी त्या पैशातून घेतलेल्या पुस्तकांची यादी.

मेळावा ठरविताना एवढे ध्यानात असू द्यावे, की २५ डिसेंबरला बँका बंद असतात आणि शाळांना तर पुढे सुटीच लागते. तेव्हा तो दोन-तीन दिवस आधीच घ्यावा, म्हणजे रोकड शाळेच्या कपाटात पडून राहणार नाही.