अरबी समुद्राचा बदललेला स्वभाव

वादळ म्हटले की ओडिशा किंवा आंध्रचा किनारा डोळ्यांसमोर यायचा. अरबी समुद्र त्या मानाने शांत, आणि येथे उठलेली वादळे बहुधा ओमानकडे निघून जातात, अशी मुंबई-कोकणाची समजूत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने ती मोडीत काढली. ‘तौक्ते’ धडकले गुजरातेत. तरीही मुंबईलगतच्या समुद्रात ‘पी-३०५’ हे बार्ज बुडून सत्तरहून अधिक जणांचा बळी गेला.

समुद्राचे पाणी तापले की वादळाला बळ मिळते, हे त्यामागचे साधे कारण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. अर्थात, संख्येने आजही उपसागरच पुढे आहे, आणि प्रत्येक वादळाचे खापर हवामान बदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु कल नाकारण्यात अर्थ नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीला अस्वस्थ करते ती वादळानंतरची मोजदाद. ‘निसर्ग’ने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. वरकरणी रक्कम मोठी. पण कोकणातली वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या धन्याच्या वाट्याला त्या हिशेबाने जेमतेम पाच हजार येतात. एवढ्यात पडलेली झाडे तोडून हलविण्याची मजुरीही सुटणे कठीण. ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा विचार करावा लागला, तो याचमुळे. भातशेतीचे नुकसान एका हंगामाचे असते. सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. मदतीच्या निकषात या वर्षांना जागा कोठे आहे?

मच्छीमारांची अडचण निराळी. ही वादळे प्रामुख्याने पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, मे-जूनमध्ये व ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. मासेमारी बंदीचा काळ मात्र पावसाळ्यापुरता. म्हणजे धोका वाढतो तो नेमका होड्या समुद्रात असताना. इशारा आता काही दिवस आधी मिळतो, ही जमेची बाजू. पण इशारा ऐकून परत फिरणाऱ्या होडीचे डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी कोणी सोसायची, हे ठरलेले नाही.

‘निसर्ग’नंतरच्या पावसाळ्यात लावलेली सुपारीची रोपे आता कोठे धरण्याच्या वयाला आली आहेत.