पहिला श्यामा, रानपिंगळा आणि पुण्याच्या टेकड्या

१/ पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करणे हा पाश्चात्त्यांचा रिकामपणचा छंद, असे पुण्यात आजही बेधडक म्हटले जाते. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

२/ साल १८८९, फ्रँकफर्ट. वडिलांनी आणलेल्या फोनोग्राफवर लुडविग कॉख या लहान मुलाने एका पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळीवर उतरवले. पक्षिगीताचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण. तो पक्षी होता श्यामा; आपल्या सह्याद्रीच्या दमट रानांतही गाणारा.

३/ परंतु तो श्यामा पिंजऱ्यातला होता. मुक्त पक्ष्यांचे आवाज १९०० साली इंग्लंडमध्ये चेरी कीअर्टन यांनी टिपले. ‘पहिला’ हे बिरुद वाटताना पिंजरा आणि रान यांची गल्लत होऊ नये.

४/ ज्यू असलेल्या कॉख यांनी १९३६ साली नाझी जर्मनी सोडली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ई. एम. निकल्सन यांच्यासह त्यांनी रानपक्ष्यांच्या गीतांचे पुस्तक ग्रामोफोन तबकड्यांसह प्रसिद्ध केले. निर्वासिताने परक्या भूमीचे आवाज जपले. भूमिपुत्रांनी स्वतःच्या भूमीचे का जपू नयेत?

५/ ‘उपयोग काय?’ याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. १८८४ नंतर रानपिंगळ्याची एकही विश्वासार्ह नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तोवर त्याचा आवाज शास्त्राला अज्ञात होता. आवाज ध्वनिमुद्रित झाल्यावर तो इतर जंगलांतही ओळखता येऊ लागला. आवाज हा पुरावा असतो, तो असा.

६/ सांगलीच्या शरद आपटे यांच्यासारख्यांनी स्वतःच्या चिकाटीने भारतीय पक्ष्यांचे आवाज जमवले. व्यक्तींनी आपले काम केले. संस्थांनी कधी करायचे?

७/ पुणे गवयांच्या जुन्या तबकड्या प्राणापलीकडे जपते. १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे. संग्रहाचे मोल या शहराला शिकवावे लागू नये. तरीही वेताळ टेकडीवरील रस्त्याच्या वादात मोजमाप होते ते वाहतुकीचे आणि झाडांचे. पहाटेचा मोर, तित्तिर, पावसाआधीचा ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा यांची नोंद कोणत्या कागदावर होते?

८/ ‘मोबाइलमधले मर्लिन पक्षी ओळखते की’, हा युक्तिवाद लंगडा आहे. मर्लिन ओळखते ते आधी कोणीतरी जमवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या बळावर. शिवाय पक्ष्याचे नाव कळणे आणि त्या जागेची ती पहाट तारखेनिशी जतन होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

९/ म्हणून मागणी साधी आहे. टेकडी वा नदीकाठाला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाआधी तिन्ही ऋतूंतील पहाटेचे ध्वनिमुद्रण व्हावे, आणि ते सर्वांना खुले असावे. खर्च नगण्य आहे. रस्ता झाल्यानंतर मात्र ते ध्वनिमुद्रण कोणत्याही किमतीला मिळणार नाही.