विश्लेषण : शिंपल्यांची कॅप्सूल हे सांधेदुखीवरचे औषध आहे का?

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. पण समुद्री जीवांपासून बनवलेल्या सांधेदुखीवरच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या की इथेही घरपोच येतात. ‘नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत’ या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली, तर मात्र धोका आहे.

दाव्यामागे शास्त्र आहे का?

आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्यांच्या अर्कापासून ‘कडलमीन’ ही कॅप्सूल विकसित केली. हाच शिंपला गोव्यात शिनाणे म्हणून आवडीने खाल्ला जातो. शरीरात दाह होतो तेव्हा सायक्लोऑक्सिजनेज आणि लायपॉक्सिजनेज ही दोन विकरे सूज व वेदना वाढवणारी रसायने तयार करतात. आयबुप्रोफेन पहिल्या विकराला अडवते. त्याने दुखणे कमी होते, पण जठराच्या अस्तराचे संरक्षणही घटते. शिंपल्याच्या अर्काने प्रयोगशाळेत दोन्ही विकरांना रोखल्याचे दिसले आहे.

मग त्याला औषध का म्हणू नये?

प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम माणसाच्या गुडघ्यात तसाच दिसेल असे नाही. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यावर १९७०च्या दशकापासून अभ्यास सुरू आहे. माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. भारतात अशी उत्पादने अन्नपूरक म्हणून विकली जातात. नव्या औषधाला परिणामकारकतेचा जो पुरावा द्यावा लागतो, तसा त्यांना लागत नाही. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना वेष्टनावर असते, ती त्यामुळेच. समुद्रातून औषध मिळतच नाही असे नव्हे. शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून तयार झालेल्या झिकोनोटाइडला अमेरिकेत २००४ मध्ये तीव्र वेदनांसाठी मान्यता मिळाली, पण ती माणसांवरील चाचण्या पार केल्यानंतरच.

ग्राहकाने काय पाहावे?

शिंपले किंवा कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी या कॅप्सूल टाळाव्यात. शाकाहारी लोकांनी वेष्टनावरचा तपकिरी त्रिकोण पाहावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुमॅटॉइड संधिवातात मेथोट्रेक्झेटसारखे औषध परस्पर थांबवू नये; सांध्याची एकदा झालेली हानी भरून येत नाही. घाटी रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, तपासणीला जाताना कॅप्सूलची बाटलीही सोबत न्यावी. ती दाखवायला संकोच वाटण्याचे कारण नाही. लपवली, तर उपचार चुकू शकतो.