बोलक्या यंत्राचा धनी कोण?

बँका, विमान कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या दारात अलीकडे एक नवा गुमास्ता येऊन बसला आहे. त्याला चॅटबॉट म्हणतात. तो रात्री-अपरात्री जागा असतो, चहाला उठत नाही, 'उद्या या' असे सहसा म्हणत नाही. या गुणांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. परंतु त्याला कामावर रुजू करताना त्याच्या कानात काय सांगितले गेले, ते कोणी सांगितले, आणि तो चुकला तर जाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

या संदर्भात एका जुन्या यंत्राची हकीकत सांगण्याजोगी आहे. आयआरसी या संगणकीय गप्पांच्या जाळ्यावर पहारा करण्यासाठी रॉबी पॉइंटर यांनी डिसेंबर 1993 मध्ये एगड्रॉप नावाचा बॉट तयार केला. त्याची रचना सुट्या भागांची आहे. गाभा लहान, जाळ्याशी जोडणे, दालनांवर लक्ष ठेवणे, निरोप जपणे ही कामे वेगवेगळ्या मॉड्यूलांकडे. हवे ते जोडावे, नको ते वगळावे. त्याखेरीज टीसीएल भाषेत छोट्या आज्ञावल्या लिहून त्याला नवी कामे शिकविता येतात.

तथापि खरे शहाणपण आहे ते त्याच्या मांडणीच्या फाइलीत. बॉटचे नाव काय, चालक कोण, कोणत्या सर्व्हरशी जोडावयाचे, हे सारे तीत एकेक ओळ वाचून भरावे लागते. कर्त्यांनी या नमुना-फाइलीत अशा काही ओळी पेरून ठेवल्या आहेत की, त्या काढल्याखेरीज यंत्र सुरूच होत नाही. उलट, फाइल पुरती वाचली नाहीस असे चालकाला ठणकावून बंद पडते. न वाचता सही ठोकणाऱ्यांच्या या देशात अशी युक्ती कचेरीतल्या प्रत्येक कागदाला लाभती तर!

पुढची पायरी अधिक बोधक. यंत्र प्रथम एका विशेष खुणेने सुरू करावयाचे आणि मग त्याला 'हॅलो' म्हणावयाचे. जो पहिला हॅलो म्हणेल तो त्याचा धनी. त्यानंतर अधिकारांची उतरंड लागते: धनी, मास्टर, चालक, मित्र. धन्याने आळस केला आणि दुसराच कोणी आधी बोलून गेला, तर किल्ल्या त्या उपऱ्याच्या हाती. एक हॅलो, पण त्याची किंमत केवढी!

आजचे चॅटबॉट एगड्रॉपहून फार वाक्पटू आहेत. त्यामुळे धोकाही वाढला आहे. एअर कॅनडाच्या बॉटने आप्ताच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा बॉट ही स्वतंत्र व्यक्ती असून आपल्या बोलण्याला तीच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने मांडला. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम क्षुल्लक आहे. पण आपल्याच नोकराला परका ठरविण्याचा तो प्रयत्न आमच्या मते निर्लज्जपणाचा होता.

आता आपल्याकडे पाहू. मामलेदार कचेरीच्या दारी असे यंत्र उद्या बसले आणि सत्तरीतील एखाद्या आजोबांनी नातवाकरवी 'एक-चौदाचा उतारा कुठे मिळेल?' असे विचारले, तर त्याला ते समजेल काय? मराठीत विचारले तर? कोंकणीत? रोमन अक्षरांत मराठी लिहिले तर? हे यंत्राला आपोआप कळत नाही. कोणीतरी बसून, लोक कसे विचारतात ते ऐकून, ते त्याला शिकवावे लागते. पोर्तुगीज अमदानीत कचेरीची भाषा न येणाऱ्याला दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबावे लागे. तीच अगतिकता आता पडद्याच्या रूपाने परत आणावयाची नसेल, तर हे काम बाहेरच्या कंत्राटदारावर सोडून चालणार नाही.

आणि न समजल्यास काय? तेच उत्तर पाच वेळा घोळविण्यापेक्षा, 'मला हे ठाऊक नाही, अमुक टेबलावर अमुक वेळेत विचारा' असे म्हणावयास त्याला शिकविणे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते त्या टेबलावर माणूस बसविणे. आमचा संशय असा की, काही ठिकाणी यंत्र आणण्यामागचा हेतू तो माणूस उठविण्याचाच असतो.

जे खाते असे यंत्र बसवील, त्याने त्याची मांडणी जनतेस पाहावयास खुली ठेवावी आणि तिच्याखाली एका अधिकाऱ्याची सही असावी. पहिला हॅलो म्हणणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे नाव आम्ही या पानावर आनंदाने छापू.